आवाज कुठून आणला?

मी साऊंडवाला आहे. म्हणजे सीझनमध्ये लग्नं, एरवी कुणाची डॉक्युमेंट्री, कुणाचं यूट्यूबचं गाणं, जे येईल ते. राहतो वर्ध्यात. 2023 च्या डिसेंबरात एका पोराचा फोन आला की दादा हॉरर शॉर्ट करतोय, चार रात्री, राळेगाव तालुक्यात, पैसे जास्त नाहीत. पैसे जास्त नाहीत हे सगळेच शेवटी सांगतात, हा पहिल्याच वाक्यात बोलला म्हणून हो म्हटलं.

गोष्ट एवढीशी. एका माणसाची बाईक रात्री बंद पडते, तो पांदणीनं, म्हणजे वावरांमधल्या वाटेनं, पायी निघतो आणि त्याला चकवा लागतो, फिरून फिरून त्याच निंबाच्या झाडापाशी येतो. एक ॲक्टर, एक झाड, एक पांदण. डायरेक्टर पंचविशीतला, यवतमाळचा, आणि त्याच्या डोक्यात एकच गणित बसलेलं, ते म्हणजे पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी हा इंग्रजी हॉरर. ओरेन पेली नावाच्या माणसानं स्वतःच्याच घरात सात दिवसांत साधारण 15 हजार डॉलरमध्ये पिक्चर काढला, 2007 ला लॉस एंजेलिसच्या स्क्रीमफेस्टमध्ये दाखवला आणि 2009 ला थेटरात लागला तर जगभरातून 19 कोटी डॉलरच्या वर कमावले. हे तो चहावर सांगायचा, गाडीत सांगायचा, जेवताना सांगायचा. मी एकदा म्हटलं अरे मधली दोन वर्षं आणि मधला मोठा स्टुडिओ पण सांगत जा की, तर म्हणे दादा तुम्ही निगेटिव्ह आहात. आमचं बजेट साठ हजार. रुपये.

त्याचं दुसरं म्हणणं असं की उसातली भीती मराठी लोकांनी पाहिली, लपाछपी येऊन गेला 2017 ला, आता पऱ्हाटीतली, म्हणजे कपाशीतली, भीती दाखवायची. कॅमेरावाला म्हणे उसात माणूस दिसेनासा होतो, पऱ्हाटी तर कमरेएवढी, त्यात काय लपवणार? पण खरं सांगू, पहिल्या रात्री चंद्र वर आला आणि ते फुटलेलं वावर पाहिलं तेव्हा माझी पण बोलती बंद झाली. हजारो पांढरे ठिपके, आणि मान वळवून परत पाहिलं की वाटायचं हा ठिपका मघाशी इथं नव्हता. लाईट म्हणजे दोन बॅटरीवाल्या एलईडी आणि एका ट्रॅक्टरचे हेडलाईट, बाकी कॅमेऱ्यावर भरवसा. भाड्यानं सोनीचा ए-सेव्हन-एस-थ्री आणला होता, तो आयएसओ 12800 ला पण, म्हणजे अगदी कमी उजेडात पण, स्वच्छ दिसतो, म्हणून एवढी हिंमत. जनरेटर मीच नको म्हटलं. भुताच्या पिक्चरमध्ये शांतता हीच मेन हिरोईन, तिच्यामागं जनरेटर घुरघुरत असेल तर काय राहिलं.

चूक कुठं झाली तर लोकेशन बघायला आम्ही दुपारी गेलो. दुपारी सगळं चिडीचूप. या आठवड्यात लाइन दिवसाची आहे की रात्रीची, हे कुणी विचारलंच नाही. गावाकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि डिसेंबर म्हणजे हरभऱ्याला, गव्हाला पाणी. आमच्या नशिबी रात्रीचा आठवडा. दहा वाजता लाइन आली आणि अर्धं गाव वावरात. इकडं मोटार, तिकडं मोटार, टॉर्च हलताहेत, कुणी फोनवर भजन लावलंय, कुणी दुसऱ्याला हाक मारून विचारतंय की तुह्या पाईप निघाला का बे. डायरेक्टरला पाहिजे होती निर्मनुष्य जागा.

पहिल्या दोन रात्री मोटारी बंद होण्याची वाट बघण्यातच गेल्या. सांगायची ती तिसरी रात्र.

साडेबाराला एक लांब शॉट लावला. ॲक्टर झाडापाशी येतो, थांबतो, मागं बघतो. तेवढंच, पण दीड मिनिटाचा, आणि त्यात फक्त रातकिडे आणि त्याचा श्वास. रोल म्हटलं, वीस सेकंद झाले नाहीत तर पलीकडच्या वावरातून "हाऽऽ हुर्र हुर्र" आणि डबा बडवल्याचा आवाज. कट. परत लावला, परत हाऽऽ हुर्र. जागल होती. जागल म्हणजे रात्रभर वावरात मचाणावर बसून डुकरं हाकलायची. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा डायरेक्टर म्हणे चला बोलून येऊ.

मचाणावर एक काकाजी होते, साठ-पासष्टचे, कानाला मफलर, खाली शेकोटी. डायरेक्टरनं अगदी आदबीनं विचारलं, काकाजी अर्धा तास थांबता का, आम्ही पिक्चर करून राह्यलो. काकाजी म्हणे, "मी थांबतो बाप्पा. डुकराले कोण सांगते?"

बसलो मग शेकोटीपाशी. त्यांनी कशाचा पिक्चर विचारलं, याने सांगितलं चकव्याचा, भीतीचा. काकाजी हसले. "भुताले काय भेता. भूत हरभरा खाते का?" आणि मग ते अवनीचं निघालं. त्या भागात ते निघतंच. टी-वन वाघीण, 13 माणसांचे बळी तिच्या नावावर लागले, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीकडं तिला गोळी घातली. काकाजी म्हणे त्या दिवसांत जागल बंदच, डुकरानं खाल्लं ते खाल्लं, दिवसाढवळ्या कापूस वेचायला जायचं तरी बाया दहा-पंधराच्या घोळक्यानं जायच्या आणि एक माणूस नुसता उभं राहून चहूकडं बघायला. तिला खेचायला परदेशी सेंट वापरायचं ठरलं होतं, ते तेव्हा जगभरच्या पेपरात आलं होतं, त्याचं त्यांना भारी हसू येत होतं. "आमी इथं घामाच्या वासानं भेऊन राह्यलो, न तिच्यासाठी सेंट." मग हसता हसता थांबले आणि म्हणाले, "अंधाराचं भेव नाई लागत. अंधार एकदम गपचूप झाला ना, मंग लागते. किडे थांबले की समजजा."

माझ्या अंगावर काटा आला तो तिथं, कारण हेच मी पंधरा वर्षं हेडफोन लावून ऐकतोय पण असं कधी सांगता आलं नाही.

आता डायरेक्टरच्या डोक्यात चक्र फिरलं. म्हणे काकाजी तुमचा तो आवाज आम्हाला द्या, रेकॉर्ड करतो, पिक्चरमध्ये घालतो. काकाजी तयार. मचाणावरून उतरले, मी बूम, म्हणजे लांब दांड्याचा माइक, लावला, चार टेक घेतले. चारही बेकार. माइकसमोर तो माणूस लाजला हो! नवरदेवानं उखाणा घ्यावा तसा "हाऽ हुर्र" करत होता. डायरेक्टर म्हणे अजून जोरात, मनापासून, असं समजा की समोर काहीतरी आहे. काकाजी माझ्याकडं बघून म्हणे, "हे पोट्टं मले ॲक्टिंग शिकवून राह्यलं." यात सहज चाळीस मिनिटं गेली. चहा पण झाला. मग ते वर गेले, आम्ही आमच्या झाडापाशी आलो.

पावणेदोन. मोटारी त्या बाजूच्या बंद झाल्या होत्या, कशा कुणास ठाऊक, फ्यूज गेला असेल. तोच शॉट. मी किड्यांचा बारीक आवाज नीट यावा म्हणून गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, बऱ्यापैकी वर ठेवला आणि सवयीनं सेफ्टी ट्रॅक, म्हणजे तोच आवाज हळू घेणारा दुसरा ट्रॅक, बारा डेसिबल खाली चालू ठेवला. माझा रेकॉर्डर जुना, 24 बिटचा. हल्लीच्या 32 बिट फ्लोटवाल्यांना ही कटकट नाही, कितीही मोठा आवाज आला तरी नंतर खाली आणता येतो, आमच्यात एकदा फाटला की फाटला.

ॲक्टर आला. थांबला. मागं वळला. आणि तो आवाज आला.

मघाचा हुर्र नव्हता तो. सुरुवात माणसासारखी झाली, लांब "हाऽऽऽ", मग मधेच फुटला आणि वर चढला, इतका वर की शेवटी आवाज राहिलाच नाही, नुसती घशातली हवा राहिली, आणि त्याच्याखाली काहीतरी जड जड पळत गेल्याची धडधड, जी कानाला नाही, बूमच्या दांड्यातून हाताला आली. मी हेडफोन ओढून काढले. ॲक्टर फ्रेममधून पळाला आणि पऱ्हाटीत तोंडावर पडला. असिस्टंट पोरगी "आई गंऽ" करून ट्रॅक्टरवर चढली. कॅमेरावाला मात्र जागचा हलला नाही, नंतर कळलं हिंमत वगैरे काही नाही, पाय हलत नव्हते. कट कुणीच म्हटलं नाही, म्हणून ते सगळं रेकॉर्ड झालं. मेन ट्रॅक पूर्ण फाटला. सेफ्टीवर स्वच्छ.

सकाळी उजाडल्यावर सामान भरताना आम्ही पलीकडं गेलो. काकाजी धुऱ्यावर उभे होते. हरभऱ्याच्या एका कोपऱ्यात जमीन अशी उकरलेली की कुणी नांगर फिरवला असं वाटावं, दोन-अडीच गुंठे सहज. आम्ही त्यांना ज्या बाजूला चाळीस मिनिटं बसवून ठेवलं होतं, त्याच्या बरोबर उलट्या बाजूचा कोपरा. परत वर गेल्यावर त्यांना दिसलं ते अख्खं खांड, दहा-बारा डुकरं, निवांत खात असलेली. डायरेक्टरनं पाचशेची नोट काढली, माझ्याजवळ तीनशे होते ते मी दिले. त्यांनी घेतले, नको वगैरे म्हटलं नाही, आणि बरं केलं. मग म्हणे, "पैशाचं राहू द्या, फोटू काढून द्या. पंचनाम्याले लागते. तुमच्याजवळ मोठा कॅमेरा हाय." कॅमेरावाल्यानं पंधरा-वीस फोटो काढले, सकाळच्या तिरप्या उन्हात एकेक खूर उठून दिसेल असे. डुकरांच्या नुकसानीचे एवढे देखणे फोटो कोणत्या अर्जाला लागले नसतील.

एडिटमध्ये पिक्चर सतराचा अकरा मिनिटांवर आणला. हे मी मुद्दाम लिहितोय कारण नवीन पोरं इथंच हट्ट धरतात. फेस्टिव्हलवाले शॉर्ट एकेकटी लावत नाहीत, दीड-पावणेदोन तासाचा गठ्ठा बांधतात, त्यात तुम्ही सतरा मिनिटं घेतलीत तर दुसऱ्या दोघांची जागा खाता, मग तुमचा पिक्चर तेवढा भारी पाहिजे. आणि फी. फेस्टिव्हलला पिक्चर पाठवायच्या फिल्मफ्रीवे साइटवर लिस्ट बघत बसलं की स्पेनचा सिट्जेस फेस्टिव्हल दिसतो, 1968 पासून चालू असलेला, आणि वाटतं टाकून बघू, काय जातंय. जातं काय तर दर फॉर्ममागं डॉलर जातात, आणि पहिली तारीख चुकली की तेच डॉलर वाढतात. आम्ही नऊ ठिकाणी टाकला. सात ठिकाणांहून ते ठरलेलं पत्र आलं, खूप छान एन्ट्री आल्या होत्या वगैरे. एका ठिकाणाहून काहीच नाही. एका छोट्या परदेशी हॉरर फेस्टिव्हलनं घेतला, ऑक्टोबरमध्ये, हॉररवाल्यांची दिवाळी तेव्हाच असते. जायला पैसे कुठं, म्हणून स्क्रीनिंगनंतरचे प्रश्न ऑनलाइन. आपल्याकडं पहाटेचे साडेचार. मी घरी ब्लँकेट घेऊन, डायरेक्टर यवतमाळला शर्ट इस्त्री करून.

पहिलाच प्रश्न, तो आवाज. विचारणारा स्वतः साऊंडमधला असावा, म्हणे मी मोजायचा प्रयत्न केला, किती थर आहेत, डुकराचा आहे, माणसाचा आहे, काहीतरी स्लो केलंय, पण बाकी कळत नाही, कसा बनवला? डायरेक्टर म्हणाला आमच्या साऊंड डिझायनरचं काम आहे. एवढं बोलून गप. सगळे चौकोन माझ्याकडं. माझं इंग्लिश यथातथाच. मी म्हटलं, "नो डिझाईन. फार्मर. पिग." लोक खूप हसले. त्यांना वाटलं मी जोक केला. पुढचा प्रश्न कापसावर गेला.

टायटलमध्ये काकाजींचं नाव टाकलंय, "आवाज" असं लिहून त्यापुढं, एकट्याचं. डायरेक्टर आता कापसाच्या जिनिंगमधल्या भुताचा मोठा पिक्चर लिहितोय आणि मला सांगतो की या वेळी दिवसा शूट करू.

या डिसेंबरात तिकडच्या एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा पेन ड्राइव्ह, लॅपटॉप, हेडफोन घेऊन वावरात गेलो. परत रात्रीचीच लाइन होती. काकाजींनी मफलरीवरूनच हेडफोन चढवले आणि सगळा पिक्चर न हलता बघितला. मधेच एकदा जोरात बोलले, हेडफोन लावल्यावर माणसं बोलतात तसं, "चकवा लागला तं बसून राह्यना एका जागी, उजाडते ना थोड्या वेळानं!" मग तो शॉट आला. ॲक्टर वळला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, मला वाटलं हसतील.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हे त्या रातचं हाय," म्हणाले. "ऐकून राह्यला ना, कसं फाटलं ते. उशीर झाला होता मले."

मग बॅटरी घेऊन उठले, हरभऱ्याचं पाणी दुसऱ्या दांडात फिरवायचं होतं.