चेंडू नेमका कोणाकडे?

अमेरिकेत शनिवार रात्रीचा सामना सुरू होतो तेव्हा पुण्यात रविवार उजाडलेला असतो. त्यामुळे मी तेव्हा जिथे नोकरीला होतो तिथे रविवारी हमखास शिफ्ट असायची. काम टॅगिंगचं. अमेरिकन फुटबॉलच्या प्रत्येक प्लेमध्ये, म्हणजे एकेका चालीत, चेंडू कोणी नेला, कुठून, किती यार्ड, कोणी पाडलं, हे सामना चालू असतानाच भरायचं.

13 जानेवारी 2013, सकाळी साडेसहा. माझ्या स्क्रीनवर प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी: सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स विरुद्ध ग्रीन बे पॅकर्स.

क्यूसीच्या, म्हणजे आमच्या नोंदी तपासणाऱ्या, मॅडमचं मत पक्कं होतं. ऑप्शन, म्हणजे चेंडू द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं हे क्वार्टरबॅकने (पास टाकणाऱ्या, चाल चालवणाऱ्या गड्याने) ऐनवेळी ठरवायचं, हा कॉलेजचा खेळ, व्यावसायिक संघांत दोन दिवस चमकतो आणि संपतो. त्यांच्याकडे दाखलेही होते. कॉलेजात हॅशमार्क, म्हणजे चाल जिथून सुरू होते त्या मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळी, एकमेकांपासून 40 फूट, व्यावसायिक मैदानावर जेमतेम साडेअठरा, म्हणजे पळायला रुंद बाजूच उरत नाही. वर 2011 चं डेन्व्हर! त्यांचा क्वार्टरबॅक टिम टीबोने एक सामना जिंकला तो आठांपैकी दोनच पास पूर्ण करून. त्या मोसमात सर्वाधिक रनिंग यार्ड डेन्व्हरचेच, आणि प्लेऑफमध्ये न्यू इंग्लंडने त्यांना 45-10 ने धुतलं. पटण्यासारखं होतं सगळं.

मी शाळेत खो-खो खेळलोय. रीड-ऑप्शन मला पुस्तकातून नाही, त्यातून कळला. पाठलाग करणाऱ्याने एकदा खांदा वळवून दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही, आणि चांगला पळणारा नेमकी त्या खांद्याचीच वाट बघत असतो. इथे कडेच्या एका बचावपटूला मुद्दाम कोणीच अडवत नाही. क्वार्टरबॅक रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याच्या, पोटाशी चेंडू धरतो आणि त्या मोकळ्या गड्याकडे बघतो. तो आत धावला तर चेंडू काढून घेऊन स्वतः बाहेरून पळायचं, तो जागेवर थांबला तर चेंडू देऊन टाकायचा. त्याला अडवायला लागणारा माणूस वाचतो आणि दुसरीकडे कामाला येतो.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये 24-24 अशी बरोबरी. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे आला, गर्दी मधोमध कोसळली, कडेचा गडीही आत घुसला. मी ठोकून दिलं: हँडऑफ (चेंडू हातात दिला), रनिंग बॅक, यार्ड शून्य. मान वर केली तर सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक कॉलिन केपर्निक उजव्या कडेने एकटाच पळत होता. 56 यार्ड, थेट शेवटच्या रेषेपार, टचडाऊन. म्हणजे हूल मलाही बसली होती. दुरुस्ती करेपर्यंत चुकीची नोंद पुढे गेलीच आणि मॅडमच्या स्क्रीनवर माझी ओळ लाल झाली.

"अरे, चेंडू कोणाकडे होता?"

"मॅडम, त्या बचावपटूला तरी कुठे कळलं?"

त्या हसल्या, पण चूक माझ्या नावावर राहिलीच.

सामना 45-31 संपला. केपर्निकच्या एकट्याच्या 181 यार्ड धावा, क्वार्टरबॅकसाठी तेव्हाचा विक्रम. आधीचा मायकल विकचा, 173. बाहेर पोहे निवत होते आणि मी त्याची एकेक धाव पुन्हा लावून बघत होतो. त्यात मॅडमच्या बाजूचंही काही सापडलं. कित्येक धावा ऑप्शनच्या नव्हत्याच. पास टाकायला मागे गेला, कोणी मोकळं दिसलं नाही, पळाला. पहिल्या टचडाऊनची 20 यार्डांची धावही त्यातलीच.

"आणि गुडघे?" मॅडम म्हणाल्या. आठवडाभरापूर्वीच वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनचा गुडघा गेला होता. पण तो गेला खाली आलेला स्नॅप पकडताना, आणि आधीपासून दुखावलेला होता, हेही खरं. तरी क्वार्टरबॅकला रोज असं पळवायचं धाडस मी मालक असतो तर केलं नसतं.

पुढच्या आठवड्यात अटलांटाविरुद्धचा सामना रात्री दीडला होता. अटलांटाच्या कडेच्या गड्यांनी बाहेरची बाजू सोडलीच नाही. केपर्निक फक्त दोनदा पळाला, 21 यार्ड. पण सगळे त्याच्यावर डोळा ठेवून राहिले आणि मधून रनिंग बॅक फ्रँक गोरने 90 यार्ड काढून दोन टचडाऊन केले. 17-0 ने मागे पडलेले फोर्टीनायनर्स 28-24 ने जिंकले.

त्या रात्री मी प्रत्येक हँडऑफला अर्धा सेकंद जास्त थांबलो. मॅडम दोनदा म्हणाल्या, "उशीर होतोय रे." एकही ओळ लाल झाली नाही.