इंजिनचा डिझेल पंप खोलायच्या आधी: जुन्या पिकअपचा माझा अनुभव

कोरेगावकडचं आमचं आलं पुण्याच्या मार्केट यार्डात उतरवायचं आणि परतीला खताच्या गोण्या भरायच्या, या हिशोबाने मी बीएस-४ची (आधीच्या प्रदूषण नियमांची) जुनी डिझेल पिकअप घेतली. रिकामी गाडी झकास पळायची. भरलेली गाडी मात्र खंबाटकीचा चढ लागला की निम्म्या घाटात ओढायची बंद व्हायची. चेक इंजिनचा दिवा लागायचा, आणि रेस कितीही दाबली तरी इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर जायचं नाही. कडेला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली की काही झालंच नाही असं! याला लिंप मोड म्हणतात. काहीतरी बिनसलंय असं दिसलं की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, इंजिन वाचवायला ताकद कमी करतं.

एका गॅरेजमध्ये बोनेट उघडून लगेच निकाल मिळाला: हाय प्रेशर पंप, म्हणजे डिझेल मोठ्या दाबाने इंजिनला पुरवणारा पंप, गेलाय. खर्च ऐकून मी ठरवलं, आधी आपण तपासायचं.

ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन मागवला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि मोबाइलवर बिघाडाचा कोड दिसतो. माझ्याकडे आला पी००८७, म्हणजे रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल वाटणाऱ्या जाड नळीत) डिझेलचा दाब कमी. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो: कोड लक्षण सांगतो, खराब झालेला पार्ट सांगत नाही. दाब तुंबलेल्या फिल्टरने पडतो, पाइपमधून हवा घेतली तरी पडतो, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपला, जास्त डिझेल सोडत असतील तरी पडतो, सेन्सरची वायर घासली असेल तर नुसता कमी दिसतो. पंपाचा नंबर या सगळ्यांनंतर. आणि कोड पुसण्याआधी लिहून घ्या. सोबतची फ्रीझ फ्रेमही बघा. कोड पडला तेव्हा आरपीएम, लोड आणि तापमान किती होतं ते त्यात असतं.

मग माल भरूनच गाडी यवतेश्वरच्या घाटात घातली. मेहुणा शेजारी मोबाइल धरून रेलचा आकडा वाचत होता. जागेवर दाब स्थिर. चढाला रेस दाबली की आधी वर जायचा, मग पाय तसाच असताना घसरायला लागायचा. म्हणजे इंजिन मागतंय तेवढं डिझेल पोचत नव्हतं.

फिल्टर बदलला. जुन्यातून पाणी आणि काळा गाळ निघाला, पण चढाला तेच. तेव्हा साताऱ्यातल्या एका जुन्या डिझेल मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "दादा, पंपाला आत्ताच हात लावायचा न्हाई." त्यांनी चारही इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक बाटली जोडून गाडी चालू ठेवली. एक बाटली लवकर भरली असती तर तो इंजेक्टर दोषी; चारही जवळपास सारख्या भरल्या. (रिटर्नची पाइप वेगळी. हाय प्रेशरची पाइप इंजिन चालू असताना कुणीही सैल करू नये, तिथला दाब हजार बारच्या वर जातो.) मग फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी लावली आणि रेस दिली. डिझेलबरोबर बारीक बुडबुड्यांची माळ पळताना स्पष्ट दिसली. "एअर घेतंय." टाकीकडून येणारा रबरी होज क्लिपखाली चिरला होता. डिझेल बाहेर ठिबकत नव्हतं, कारण तिथे पंप ओढतो. चिरेतून हवाच आत जात होती. होज आणि क्लिपा बदलल्या, एअर काढली. पुन्हा यवतेश्वर, आणि या वेळी आकडा शेवटपर्यंत टिकला.

वयाने जुन्या पिकअपची बाकीची दुखणीही अशीच स्वस्तात सापडतात. काळा धूर आणि सूं आवाज असेल तर टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) होज बघा. स्टार्टर मंद फिरत असेल तर मल्टीमीटर लावा: रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ हवी. दोन्ही ठीक असतील तर चासीवरची अर्थिंगची पट्टी सोडवून गंज घासा.

गाडी विकत घ्यायला जातानाही स्कॅनर खिशात ठेवा. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा बऱ्याच गाड्यांत ॲपवर दिसतो. तो अगदीच कमी असेल तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. अशा गाडीची माल भरून, चढावर ट्रायल मागा. मालक तयार नसेल तर सौदा तिथेच सोडा.