याचं भजं होईल का?

जाऊबाईंची बंगळुरूला बदली झाली आणि जाताना त्या आपला विजेचा डीप फ्रायर माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या. "तळणाचं वेड तुम्हाला, तुमच्याकडेच राहू दे." परवा दुपारी घर झोपलेलं असताना मी त्याच्यासोबतची पुस्तिका चाळत बसले. मागच्या पानावर तक्ता होता. बटाट्याच्या फोडी, मासे, कोंबडी, मश्रूम, डोनट, आणि प्रत्येकापुढे किती अंश, किती मिनिटं. संपलं. कुरडई नाही, ओव्याचं पान नाही, साधी कांदाभजीसुद्धा नाही. मला त्या यंत्राची दयाच आली.

माझी एक जुनी खोड आहे. कुठलंही पान, फूल, शेंग दिसली की मनात पहिला प्रश्न उठतो, याचं भजं होईल का? लोक बागेत फुलांचे फोटो काढतात, मी पाकळी किती जाड आहे ते बघते.

ही खोड काकीकडून आली. चिपळूणकडच्या आमच्या घरी गणपतीत पोरासोरांचा तांडा जमायचा. आरती-जेवणं उरकून दुपार कलली की काकी चुलीवर कढई चढवायची आणि आम्हाला टोपली देऊन मागीलदारी पिटाळायची. ओव्याची पानं, वईवरचा मायाळू, भोपळ्याची फुलं. भोपळ्याच्या फुलात हमखास मुंगळे. काकी फूल उघडून आत फुंकर मारायची, मधला केसर खुडायची, पाकळ्या मिटून पिठात बुडवायची. ओव्याचं पान देठाशी चिमटीत धरून पिठातून काढायचं, पातेल्याच्या काठाला निथळायचं आणि अलगद सोडायचं. ते आधी खाली जायचं, मग एका अंगाने फुगत वर यायचं. आमच्यातला एक दिवटा एकदा अंगणातल्या क्रोटनची लाल-पिवळी पानं घेऊन आला. काकीने ती उलटीपालटी केली. "दिसायला बरी आहेत. पण ही कुणाच्या घरात खाल्लेली ऐकली आहेस का? नाही ना? मग देवापुढे ठेव."

जपानात मात्र असली रंगीत पानं खरोखर तळतात. ओसाकाजवळ मिनो नावाचं गाव आहे, तिथे मेपलची पानं वर्षभर मिठात मुरवून ठेवतात आणि मग तीळ घातलेल्या गोडसर पिठात बुडवून तळतात. काकीला हे सांगायला हवं होतं. तिने आधी मीठ किती ते विचारलं असतं.

काकी तळायची ती कानाने. चुलीकडे पाठ करून नारळ खवत असली तरी मधेच म्हणायची, "काढ गो आता." कढईचा आवाज उतरलेला असायचा. तेल असतं पावणेदोनशे अंशांच्या आसपास, पदार्थातलं पाणी शंभराला उकळून वाफ होतं, बुडबुडे ती वाफ बाहेर पडताना येतात. पाणी संपत आलं की चरचर मंदावते. फ्रायरला हा कान नाही. त्याला लाल-हिरवा दिवा आहे, आणि झाकण आहे, त्यामुळे आपलाही कान बंद.

म्हणून मी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. भजी जाळीत घातली की पीठ जाळीला चिकटतं, हे मला दिसतच होतं, म्हणून जाळी आधी तेलात बुडवली आणि भजी वरून सोडली. बरी झाली. कुरडई टाकली तर ती अशी फुलली की जाळी भरून वर आली, झाकण लागेना. कुरडईला कढईच हवी, तीही पसरट, आणि दाबायला झारा. डिंकाचा विचार मी केलाच नाही, तो तुपातच फुलावा. सांडगी मिरची झाकण लावून तळली. झाकणात गाळणी आहे, ठसका म्हणून आला नाही. शेजारी कुणी खोकलं नाही, कुणी खिडकी उघडली नाही. असली मिरची तळून उपयोग काय?

मग आदल्या दिवशीच्या पुरणपोळीकडे लक्ष गेलं. तिचे चौकोनी तुकडे केले, बेसनात बुडवले आणि सोडले. बाहेर तिखटमीठ, आत वेलचीचं गरम पुरण. पहिला तुकडा फार चांगला लागला. दुसऱ्याला आपण हे का करतोय असं वाटलं. पण स्कॉटलंडमधल्या स्टोनहेवन गावात १९९०च्या दशकापासून मार्स चॉकलेट पिठात बुडवून तळतात, आणि टेक्सासच्या जत्रेत २००६ साली कोका-कोलाचं पीठ करून तळलं, २००९ साली चक्क लोणी तळलं. त्यांच्यापुढे माझी पुरणपोळी म्हणजे सोवळ्यातली. लोण्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. गोठवून, पिठात घट्ट गुंडाळून ते कढईत सोडायचं म्हणजे हिंमत पाहिजे. नाहीतर चिरलेली मिरची आणि तेलात फटकन फुटणारी न चिरलेली मिरची यांतला फरकही ज्यांना भोगून कळतो असे लोक आमच्या घरात आहेत.

खरी अडचण तेलाची. काकी वाटी-दीड वाटी तेलात सगळी पोरं तृप्त करायची. या यंत्राला तळाशी खूण आहे, तिथपर्यंत दोन लिटरच्या वर तेल लागतं. हॉटेलांनी तेल कुठवर वापरावं याला २०१८ पासून सरकारी मर्यादा आहे, पुन्हा पुन्हा तापवून तेलात वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते टाकायचं. घरात कोण मोजतंय? आपल्याकडे तळणीचं तेल टाकत नाहीत, फोडण्यांत संपवतात. मीही ते गाळून बरणीत भरलंय आणि गवार, मेथी, आमटी, सगळ्याला तेच चाललंय. काल जेवताना लेकीने विचारलं, "आई, भेंडीला सांडग्या मिरचीचा वास कसा काय येतोय?"

मी म्हटलं, "येतो कधी कधी."