एकदा पाहायला हरकत नाही

कमी खर्चात केलेल्या थरारपटांविषयी प्रेक्षक जी मते देतात, त्यांत ‘एकदा पाहायला हरकत नाही’ हे वाक्य हमखास भेटते, आणि ती स्तुती समजावी की निंदा, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. रहस्यावर चालणारा चित्रपट तसाही एकदाच पाहायचा असतो, कारण दुसऱ्या खेपेला खुनी कोण हे ठाऊक असते. त्या हिशेबाने हे वाक्य म्हणजे पैकीच्या पैकी गुण झाले. ते उच्चारताना मात्र खांदे किंचित उडवलेले असतात आणि सगळा अर्थ त्या खांद्यांत असतो.

मागच्या आठवड्यात मी असाच एक चित्रपट पाहिला. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण या जातीच्या चित्रपटांची नावे एकमेकांच्या जागी ठेवली तरी कुणाच्या लक्षात येऊ नये. एक विवाहित पुरुष कामासाठी दोन दिवस परगावी जातो, तिथे एक स्त्री भेटते, एक रात्र सरते, आणि पुरुषाच्या लेखी संपलेली ती गोष्ट त्या स्त्रीच्या लेखी तिथून सुरू होते. मराठीत ‘प्रकरण’ हा शब्द पुस्तकाच्या भागाला, कोर्टातल्या खटल्याला आणि चोरट्या प्रेमसंबंधाला असा तिन्हींकडे वापरतात. पडद्यावर पाच माणसे होती आणि त्यांतला एक पोलीस होता, एवढ्या भांडवलावर हा चित्रपट या शब्दाचे तिन्ही अर्थ दीड तासात उरकून मोकळा झाला.

चित्रपट संपल्यावर तो पाहिलेल्या इतरांची मते गोळा करण्याची मला जुनी खोड आहे. पहिल्या फेरीत प्रेक्षक दारिद्र्य मोजतात, आणि या कामात त्यांची नजर घारीची असते. पोलीस ठाण्यात एकच पोलीस कसा, रुग्णालयाला एकच मार्गिका आणि तीही निर्मनुष्य कशी, नायकाच्या घरातला दिवा पडदा बदलून त्या स्त्रीच्या घरी कसा पोहोचला, हे सगळे त्यांनी टिपलेले असते. माणसांची गर्दी उभी करायला पैसे लागतात, त्यामुळे कमी खर्चाच्या चित्रपटातले जग नुकतीच साथ येऊन गेल्यासारखे रिकामे दिसते, हे कारण सगळ्यांना कळते; तरीही ते बोलून दाखवण्यात एक सुख असते. अंधूक चित्र मात्र प्रेक्षक सहज माफ करतात. रात्रीच्या प्रसंगात काही दिसले नाही तर त्याला वातावरण म्हणता येते, हलत्या कॅमेऱ्याला शैली म्हणता येते. आवाजाच्या बाबतीत ही सवलत नाही. माइक बोलणाऱ्यापासून लांब राहिला आणि रिकाम्या खोलीचा घुमारा संवादात शिरला, किंवा मागाहून ध्वनिमुद्रित केलेले शब्द ओठांवर नीट बसले नाहीत, की शयनगृहातली कुजबुजसुद्धा सभागृहातल्या घोषणेसारखी वाटते आणि प्रेक्षक कथेतून बाहेर पडतो. मी जमवलेल्या मतांत ‘आवाज नीट नव्हता’ हे वाक्य चार वेळा आले.

या गरिबीच्या बाजूने मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. चोरटा संबंध हा मुळातच काटकसरीचा व्यवहार आहे. दोन माणसे, एक बंद दार, एक फोन आणि न विचारलेला एखादा प्रश्न यांपलीकडे त्याला काही लागत नाही. उलट गर्दी, रोषणाई आणि साक्षीदार त्याला नकोच असतात. मोठ्या खर्चाचा विषय म्हणजे युद्ध. १९६९ साली यश चोप्रा यांनी ‘इत्तेफाक’ केला तो बहुतांशी एका घरात, एका रात्रीच्या अवधीत आणि एकही गाणे न घालता, आणि ते घर अपुरे वाटले नाही. अमेरिकी दिग्दर्शक कोएन बंधूंचा पहिला चित्रपट ‘ब्लड सिम्पल’ १९८४चा. एका बारमालकाची बायको, त्याच्याच बारमधला नोकर, संशयाने पोखरलेला नवरा आणि त्याने नेमलेला गुप्तहेर, एवढीच त्याची मांडणी. गुंतवणूकदारांना दाखवण्यासाठी या भावांनी चित्रपटाच्या आधी त्याची झलक चित्रित केली होती, आणि जमिनीलगत धावणारे दृश्य हवे तेव्हा कॅमेरा एका फळीवर बसवून ती फळी दोन्ही टोकांना धरून पळण्याची युक्ती वापरली होती. पैसा नसला की दिग्दर्शकाला फळी सुचावी लागते. मी पाहिलेल्या चित्रपटात ती सुचली नव्हती, हा भाग वेगळा.

‘शेवट मला दहाव्या मिनिटालाच कळला होता’ असे म्हणणारा प्रेक्षक प्रत्येक खेळाला हजर असतो. त्याच्या बुद्धीचा आदर राखून एवढेच म्हणतो की पाच पात्रांपैकी एक मेले, एक तपास करते आहे आणि एक रडते आहे, तर उरलेल्या दोघांतून गुन्हेगार निवडणे हे फार मोठे शोधकार्य नव्हे.

‘फार संथ आहे’ या तक्रारीत मात्र तथ्य असते. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ संभाषणात थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी टेबलाखालच्या बाँबचा एक दाखला दिला होता. टेबलाशी माणसे गप्पा मारीत असताना अचानक स्फोट झाला तर प्रेक्षक काही क्षण दचकतो. पण बाँब तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवले आणि पात्रांना ते ठाऊक नसले, तर त्याच निरर्थक गप्पा श्वास रोखायला लावतात. गरीब निर्मात्याने हा दाखला भिंतीवर लिहून ठेवावा, कारण खर्च असतो तो स्फोटाला. टेबलाखालच्या बाँबला काहीच पडत नाही. मी पाहिलेल्या चित्रपटात ती स्त्री नायकाच्या बायकोशी मैत्री करून तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसते, तो प्रसंग याच कारणाने उभा राहिला. त्या खोलीत काहीही घडत नाही, बायको आपल्या नव्या मैत्रिणीला घरातल्या कुरबुरी सांगत राहते, दारात नवऱ्याच्या हातातली पिशवी तशीच राहते, आणि हा प्रसंग संथ असल्याचे कुणीही म्हटले नाही. पुढे याच चित्रपटात नायक अकारण तीन मिनिटे गाडी चालवतो, त्याला मात्र सगळ्यांनी संथ म्हटले. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकांचे बरोबर होते.

मला खरी गंमत वाटते ती सर्वांत जास्त संतापाने मांडल्या जाणाऱ्या मताची. ‘त्याला एवढी साधी अक्कल नाही का? पहिल्याच दिवशी बायकोला सांगून टाकायचे, पोलिसांत जायचे, विषय संपला.’ विषय खरोखर संपला असता आणि विसाव्या मिनिटाला आपण सारे घरी गेलो असतो. पण तेवढ्यावर भागत नाही. पोलिसांत जायचे तर ‘ही बाई तुमच्या मागे का लागली’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि नेमके तेच उत्तर लपवण्यासाठी तो माणूस धडपडत असतो. पहिल्या दिवशी सत्य सांगण्याची किंमत एक भयंकर रात्र एवढी असते. तिच्यापुढे एक लहानसे खोटे फार स्वस्त पडते. दुसऱ्या दिवशी सत्याच्या किमतीत कालच्या खोट्याची भर पडलेली असते, म्हणून पुन्हा खोटेच परवडते. असा व्यवहार कर्ज काढलेल्या कुणालाही ओळखीचा वाटावा. खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला त्या दीड तासात काही लपवायचे नसते, म्हणून तो शहाणा असतो. पात्रांच्या मूर्खपणावर आपण रागावतो तेव्हा ‘मी असतो तर’ हे तीन शब्द न उच्चारता रागावतो.

आणि मग शिक्षेचा प्रश्न येतो. हॉलीवूडमध्ये १९३४पासून काटेकोरपणे पाळल्या जाणाऱ्या निर्मितीसंहितेनुसार गुन्हा फळाला आलेला दाखवता येत नसे आणि विवाहबाह्य संबंधाचे समर्थन करता येत नसे. १९६८मध्ये तिची जागा प्रमाणपत्रांच्या श्रेणींनी घेतली. प्रेक्षकांच्या मनातली संहिता मात्र कुणी रद्द केलेली नाही. एड्रियन लाइन यांचा १९८७चा ‘फेटल अट्रॅक्शन’ कमी खर्चाचा नव्हता, पण प्रेक्षकांच्या मताने काय घडू शकते याचा त्याच्याइतका उघड पुरावा दुसरा नाही. त्यातही एका विवाहित पुरुषाच्या मागे अशीच एक स्त्री लागते. त्याच्या मूळ शेवटात ती स्त्री स्वतःच आपला जीव घेते आणि सुरीवर त्या पुरुषाच्या बोटांचे ठसे असल्यामुळे खुनाचा आळ त्याच्यावर येतो. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळांना आलेल्या प्रेक्षकांना हे रुचले नाही. ती भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोज यांचा विरोध असतानाही शेवट नव्याने चित्रित झाला आणि त्यात पुरुषाच्या पत्नीने त्या स्त्रीला गोळी घातली. चित्रपट प्रचंड चालला, त्याला ऑस्करची सहा नामांकने मिळाली, आणि ज्याच्यापासून सगळे सुरू झाले तो गृहस्थ सुखरूप आपल्या घरी राहिला. मी जमवलेली मतेही याच वळणाची होती. त्या स्त्रीला ‘वेडी’, ‘चेटकीण’ म्हणणारे पुष्कळ होते. नायकाविषयी ‘बिचारा फसला’ यापलीकडे फार कुणी गेले नाही. त्याने खोलीचे दार स्वतःच्या हाताने उघडले होते आणि कॅमेऱ्याने तो हात बराच वेळ दाखवला होता, तरीही.

एका बाबतीत मी स्वतः या प्रेक्षकांहून वेगळा निघालो नाही. चित्रपट मी एकट्याने पाहिला नव्हता, पत्नी शेजारी होती, आणि अशा विषयाचा चित्रपट जोडीने पाहताना माणूस अभिप्राय देण्याआधी तो मनात दोनदा वाचून घेतो, हे अनुभवी लोकांना सांगायला नको. श्रेयनामावली सरकू लागली तेव्हा मी दिव्याच्या चुकीबद्दल बोललो, एकट्या पोलिसाबद्दल बोललो, हिचकॉक यांचा बाँबही थोडक्यात समजावून सांगितला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तू असतास तर पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलं असतंस?”

मी म्हणालो की चित्रपटाचा आवाज फारच वाईट होता.