चीज एकच, वयं चार

चीजची पार्टी म्हटलं की लोक पाच देशांची पाच चीजं एका पाटावर मांडतात. एक फ्रेंच, एक इटालियन, एक निळ्या बुरशीचं, मधे द्राक्षांचा घोस. फोटो झकास येतो. खाणाऱ्यांच्या गप्पा मात्र "हे छान आहे, ते जरा उग्र आहे" यापुढे सरकत नाहीत, आणि निळ्याला शेवटपर्यंत कोणी हात लावत नाही. म्हणून नेदरलँड्समधल्या आमच्या आइंडहोव्हनच्या घरी मित्रमंडळींना बोलावलं तेव्हा मी एकच चीज आणलं. गौडा, इथलं डच चीज. फक्त वेगवेगळ्या वयांचं.

इथे चीजचं वय, म्हणजे ते किती काळ मुरलंय ते, पाटीवरच असतं. साधारण चार आठवड्यांचं ते 'योंग', चारेक महिन्यांचं 'बेलेखन', दहा-बारा महिन्यांचं 'आउट' आणि दीड वर्ष ओलांडलेलं 'ओव्हरयारिख'. अधल्यामधल्या पायऱ्याही आहेत, पण चार पुरतात. शहरातल्या वून्सेल भागातल्या शनिवारच्या बाजारात चीजवाल्याला 'हाल्फ पोन्ट' म्हणायचं, की पाव किलोचा तुकडा मिळतो, कारण इथला पौंड अर्ध्या किलोचा. निवांत गिऱ्हाईक दिसलं की तो आपणहून एक पातळ काप चाखायला पुढे करतो. नाही म्हणू नये. आठ जणांना असे चार तुकडे भरपूर झाले.

बाजारात एक गोष्ट मात्र विचारून घ्यावीच लागते: दूध कशाने विरजवलंय? आमच्यातले दोघं पक्के शाकाहारी. इथल्या बऱ्याच चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं, शेतावर बनणाऱ्या 'बूरनकास'मध्ये तर बहुतेक वेळा. वेष्टनावर 'मिक्रोबिएल स्ट्रेमसेल', म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट, असं लिहिलेलं असेल तर चालतं. मी चारही तशीच शोधली. त्यात वेळ गेला, पण दोन पाट, दोन सुऱ्या आणि "हा तुझा नाही हं" असली वाढप मला नको होती.

चीज तासभर आधी बाहेर काढून ठेवलं. थंडगार चीजला चवच नसते, लोण्याचा गोळा चघळल्यासारखं लागतं. बशांखाली आकडे चिकटवले आणि कोणती बशी किती वयाची ते ओळखायला लावलं.

इथून धमाल सुरू झाली. योंग आणि बेलेखन यांत बहुतेकांचा गोंधळ झाला. एक पुणेकर मित्र ठामपणे उलटं सांगत राहिला आणि उत्तर कळल्यावरही त्याने बशांवरच संशय घेतला. ओव्हरयारिख मात्र सगळ्यांनी ओळखलं. सुरीखाली त्याचा काप पडतच नाही, ढलप्या निघतात. इथल्या घराघरांत असते ती चीजचे पातळ काप काढायची पट्टी (1925 साली थोर ब्यर्कलुंड नावाच्या नॉर्वेजियन सुताराने काढलेली) जुन्या चीजपुढे हात टेकते. आणि दाताखाली काहीतरी कुरकुरतं. "मीठ आहे का गं?" सोलापूरच्या मैत्रिणीने विचारलं. मीठ नव्हे. चीज मुरताना त्यातली प्रथिनं तुटतात, टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल सुटं होतं आणि त्याचे पांढरे खडे धरतात. चांगलं जुनं चीज ओळखायची ती एक खूण.

गौडा आंबट का लागत नाही, हेही निघालं. बनवताना दह्यातलं थोडं पाणी काढून त्यात गरम पाणी घालतात. दुधातली साखर धुऊन निघते आणि जिवाणूंना आम्ल करायला फार काही उरत नाही. जी थोडी साखर राहते तीही मुरताना संपते, त्यामुळे दूध न सोसणारा मित्रसुद्धा त्या रात्री बिनधास्त खात होता. डाएटवाली मात्र वेष्टनावरचं '48+' बघून दचकली. तो आकडा पाणी वगळून उरलेल्या भागातल्या स्निग्धांशाचा असतो, कोवळ्या गौडात प्रत्यक्षात तीसेक टक्केच असतात. "तीस म्हणजे कमी का?" असं म्हणत तिने आणखी एक तुकडा घेतला.

सोबत मोहरी, पेअरच्या फोडी, अक्रोड आणि साधा ब्रेड. सोलापूरकरणीने शेंगदाण्याची चटणी आणली होती. योंगबरोबर ती अफलातून लागते, माझ्या मते डच मोहरीपेक्षा सरस. जुन्या चीजबरोबर नको, दोघांचं भांडण होतं. वाइन कोणी फारशी घेतली नाही. ओव्हरयारिखबरोबर कोरा चहा चालला, तो मी आता नेहमी ठेवणार.

शेवटी एक पाहुणं चीज काढलं: लायडनचं, जिरं घातलेलं. पूर्वी तिथले शेतकरी साय काढून लोणी करायचे आणि उरलेल्या दुधाचं चीज, म्हणून ते गौडापेक्षा कोरडं. जिरं बघून सगळे एकदम घरी आल्यासारखे तुटून पडले. कोल्हापूरकर म्हणाला, पुढच्या वेळी फ्रीसलंडचं लवंगवालं मी आणतो, जागा तुमची.

ओव्हरयारिख उरलं नाही. योंग बरंच उरलं. ते कागदात गुंडाळून ठेवलं, प्लॅस्टिकमध्ये घामेजतं, आणि रविवारी किसून मेथीच्या पराठ्यात गेलं.