कर्म विचारा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते आपले इंग्रजीचे सर. जुन्या इमारतीत घंटेशेजारच्या वर्गात जो जो बसला, त्याला नाव सांगायला नको. स्नेहसंमेलनं, सहली यांबद्दल इतर लिहितीलच. मी सरांनी शिकवलेल्या एकाच शब्दाबद्दल लिहितो : 'सेट'.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची आहे. सरांनी आम्हाला तो एका प्रश्नात बसवून दिला : "अर्थ पाठ करू नका, कर्म विचारा. काय सेट केलं?" गजर असेल तर लावला, सापळाही लावलाच. हाड बसवलं, हिरा कोंदणात बसवला. तारीख ठरवली, प्रश्नपत्रिका काढली, जेवणाचं टेबल मांडलं. आणि करवत असेल तर तिचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवले. नाहीतर काप पात्याएवढाच अरुंद पडतो आणि करवत लाकडात अडकते.

कर्मच नसेल तर? मग बहुधा सूर्य-चंद्र मावळत असतात, नाहीतर काहीतरी घट्ट होत असतं.

हे 'घट्ट होणं' सरांनी व्हरांड्यात शिकवलं. कोब्याचं काम चालू होतं. मधल्या सुट्टीनंतर मुलं धावत आली तेव्हा गवंडीमामा ओरडले, "पाय देऊ नका रे, अजून सेट नाही झालं!" सर वर्गाबाहेर आले आणि सगळ्या वर्गालाच बाहेर बोलावलं. सेट होणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं, हे त्यांनी मामांकडूनच वदवून घेतलं. साध्या पोर्टलंड सिमेंटमध्ये पाणी घातल्यावर पहिली ३० मिनिटं तरी ते घट्ट व्हायला लागता कामा नये, आणि ६०० मिनिटांच्या आत पूर्ण सेट झालं पाहिजे. कारखान्यात त्यात जिप्सम दळलेलं नसेल तर कालवता कालवताच त्याचा गोळा होतो. सेट झाल्यावरही किमान ७ दिवस पाणी मारायचं. काँक्रीटची ताकद मोजतात ती २८ दिवसांनी. 'सेट' आणि 'हार्डन' यांतला फरक त्यानंतर कुणाला पुन्हा विचारावा लागला नाही.

परत वर्गात आल्यावर सरांनी फळ्यावर लिहिलं : 'ही सेट द टेबल.' काळ कोणता? सगळे म्हणाले, वर्तमान. "मग एस कुठाय?" तिन्ही रूपं सारखीच, 'सेटेड' असं काही नाही, तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता असून एस नाही, म्हणजे भूतकाळ. 'सिट' आणि 'सेट' यांची गल्लत करणाऱ्याला ते मराठीत आणायचे : बसणे आणि बसवणे. जुन्या इंग्रजीतही 'सेट्टन' हे 'सिट्टन'चंच प्रयोजक रूप होतं. गणिताच्या तासाचा 'सेट', म्हणजे संच, मात्र मूळचा वेगळ्या घरचा. तो लॅटिन 'सेक्टा'वरून फ्रेंचमार्गे आला. एवढं खोलात जाऊन शिकवणारा शिक्षक मला पुढे कॉलेजातही भेटला नाही.

गेली २६ वर्षं मी न्यायालयीन निकालांची भाषांतरं करतो आणि रोज सरांचा प्रश्न विचारतो. पैसे 'सेट असाइड' केले तर बाजूला काढून ठेवले. आदेश 'सेट असाइड' केला तर तो रद्द केला. 'आदेश बाजूला ठेवला' असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, निर्णय अजून व्हायचाय. एवढ्या चुकीने पक्षकार जिंकलेला दावा हरल्यासारखा घरी जातो. 'सेट ऑफ'चंही तसंच. प्रवासाला असेल तर निघणं, फटाक्याला असेल तर उडवणं. पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये (आता नव्या संहितेत ४६८) तो कच्च्या कैदेत काढलेल्या दिवसांची शिक्षेतून वजावट आहे. तिथे शब्द चुकला तर माणसाच्या तुरुंगातल्या दिवसांचा हिशेब चुकतो.

आता मुलं मोबाइलवर पहिला दिसेल तो अर्थ उतरवून घेतात, याचं फार वाईट वाटतं. व्हरांड्यातला तो कोबाही टाइल्सखाली गेला.

माझी दहावीची इंग्रजीची वही मी शाळेच्या ग्रंथालयाला देतो आहे. 'सेट'चं शेवटचं वाक्य सरांच्या अक्षरात आहे : 'द मान्सून हॅज सेट इन', पावसाने बस्तान बसवलं. त्याखालची दोन पानं कोरी आहेत. पुढची वाक्यं सापडतील तशी लिहायला ती सरांनीच सोडायला लावली होती.