‘नो रिस्पॉन्स’ म्हणणारा स्विच

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीचे नेटवर्क मी सांभाळतो. एका सकाळी तेथील देखरेखीच्या सॉफ्टवेअरवर मोल्डिंग विभागाचा स्विच (तेथील यंत्रे नेटवर्कला जोडणारे उपकरण) लाल दिसू लागला आणि त्याखाली ओळ आली : ‘टाइमआउट : नो रिस्पॉन्स’. मी पोहोचलो तेव्हा देखभाल विभागातील ज्येष्ठ सहकारी शिडी लावून तयारच होते. “साहेब, स्विच गेलाय बघा, नवाच बसवूया,” असे ते म्हणाले. परंतु चालू पाळीत स्विच काढला असता तर त्या विभागाचे काम थांबले असते, म्हणून मी त्यांना थोडे थांबण्याची विनंती केली.

पिंगला, म्हणजे उपकरणापर्यंत पोहोचता येते का हे पाहणाऱ्या साध्या हाकेला, उत्तर मिळत होते; मात्र देखरेखीच्या सर्व्हरवरून एसएनएमपीने (उपकरणांना त्यांची स्थिती विचारण्याच्या पद्धतीने) प्रश्न विचारणारी एसएनएमपीगेट ही कमांड चालवली की तीच ओळ उमटत होती. ही कमांड, वेगळी सूचना दिली नसेल तर, एक सेकंद वाट पाहते, आणखी पाच वेळा विचारते आणि मग हे वाक्य छापते. उपकरण बंद असो, परवानगीच्या यादीत सर्व्हर नसो किंवा कम्युनिटीचे नाव (पासवर्डसारखा वापरला जाणारा शब्द) चुकलेले असो, एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत वाक्य हेच येते, कारण नाव चुकल्यास उपकरण नकार न कळवता गप्प राहते. त्याऐवजी ‘नो सच ऑब्जेक्ट’ (विचारलेली नोंद येथे नाही) असे आले असते तर मला हायसे वाटले असते. तो संदेश उपकरणाकडूनच आलेला असतो, म्हणजे तिथपर्यंतचा रस्ता मोकळा आहे एवढे तरी सिद्ध होते.

मग सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेटे दाखवणारे साधन) लावून एसएनएमपी वापरते त्या यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवरची ये-जा पाहिली. प्रश्न जात होता आणि उत्तरही येत होते! फक्त ते दुसऱ्याच पत्त्यावरून येत होते. आदल्या दिवशी कोणीतरी त्या स्विचला सर्व्हरच्याच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) आणखी एक पत्ता दिला होता. सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर विचारत होते, स्विच जवळच्या वाटेने नव्या पत्त्यावरून उत्तर देत होता, आणि सर्व्हरची फायरवॉल ते अनोळखी पॅकेट टाकून देत होती. टीसीपीडम्प पॅकेट फायरवॉलपर्यंत पोहोचण्याआधीच पाहतो, म्हणून त्याला ते दिसले. पिंगचे उत्तर मात्र विचारलेल्याच पत्त्यावरून परत येते, त्यामुळे ते सुखरूप पोहोचत होते.

सॉफ्टवेअरमध्ये स्विचचा नवा पत्ता नोंदवताच लाल रंग गेला. “मग रात्री हा बंद पडलाच नव्हता?” असे त्या सहकाऱ्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना सिसअपटाइमचा, म्हणजे उपकरण किती वेळ चालू आहे हे सांगणारा, आकडा दाखवला. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि सुमारे ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो, त्यामुळे केवळ लहान आकडा पाहून उपकरण बंद पडले होते असे ठरवता येत नाही. येथे मात्र आकडा कित्येक आठवड्यांचा होता. स्विच अखंड चालू होता, हे पाहून त्यांनी शिडी काढून घेतली.